गावची वेस बंद : मुंबईकरांनी कोकणात जावं का?

चाळकरी | १२ एप्रिल २०२०

राज्यातला कोरोनाचा लॉकडाऊन निदान ३० एप्रिलपर्यंत राहील, असं काल मुख्यमंत्र्यांनी सांगितलं आणि आमच्या चाळीत पुन्हा तोच विषय निघाला. गावाला जायचं का, आणि गेलो तर गाव आत घेईल का?

मी लालबागला राहतो. गाव संगमेश्वर तालुक्यात. खोली १० बाय १२ ची, माणसं ७. एरवी ही ७ माणसं एका वेळी खोलीत कधीच नसायची. भाऊ रात्रपाळीला, मी सकाळीच बाहेर, मुलं शाळेत, वडील दुपारभर वाचनालयात. रात्री दोघं-तिघं गॅलरीत पथारी टाकायचे. कुणीतरी बाहेर आहे म्हणून आतल्यांना जागा, असं इतकी वर्षं चाललं. आता सगळे आत, आणि गॅलरीत झोपायला चाळ कमिटीनं मनाई केली आहे.

त्याहून मोठा प्रश्न संडासांचा. मजल्यावर १८ खोल्या आणि टोकाला ४ संडास. कमिटीनं जमिनीवर खडूनं उभं राहायच्या जागा आखल्या, प्रत्येक खोलीला वेळ वाटून दिली, कड्या ब्लीचच्या पाण्यानं पुसायच्या पाळ्या लावल्या. मनापासून केलंय सगळं. पण सकाळी पोट वेळापत्रक पाळत नाही. म्हातारी माणसं खोळंबतात, पोरं रडतात, मागचा पुढे सरकतो आणि खडूच्या रेघा तशाच राहतात. वरळी कोळीवाडा मार्चअखेर सील झाला, १ एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण सापडला. दोन्ही ठिकाणं आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत.

तिकडे गावी आमचं घर कुलूप लावून पडलंय. अंगण आहे, विहीर आहे, स्वतःचा संडास आहे. आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मेसेज आला : मुंबईकरांनी येऊ नये, आल्यास गावात घेतलं जाणार नाही. सोबत फोटो. रस्त्यात बांबू आडवे, त्यावर काट्या आणि शेजारी उभा आहे माझा चुलतभाऊ.

महिन्याभरापूर्वी शिमग्याला आम्ही दोघांनी एकाच पालखीला खांदा दिला होता. गावच्या नळपाणी योजनेला, देवळाच्या सभामंडपाला मुंबई मंडळानं वर्षानुवर्षं वर्गणी काढली. मला भांडायचं नाही, पण विचारायचं आहे. ज्याचं घर तिथं आहे त्याला गाव अडवू शकतं का?

आंबा_कलम | १२ एप्रिल

मी त्याच तालुक्यातला. तुमच्या गावचा नाही, पण काट्या आमच्या वाडीनंही टाकल्यात आणि टाकणाऱ्यांत मी होतो. म्हणून सविस्तर लिहितो.

वाडीत ४० घरं. त्यातल्या निम्म्यांत नुसते म्हातारा-म्हातारी. पोरं सगळी मुंबई, ठाणे, विरार. आरोग्य केंद्र डोंगरापलीकडे. व्हेंटिलेटर पाहिजे तर रत्नागिरी गाठायची. १०८ ची गाडी यायला किती वेळ लागतो, हे ज्यांनी भर पावसात बाळंतीण डोलीतून सडकेपर्यंत नेलीय त्यांना विचारा. स्वॅब घेतला तरी तो जातो मिरजेला. तुम्ही बरोबर काही घेऊन आलात आणि ते वाडीत शिरलं, तर पहिली जातील ती ही माणसं. त्यात तुमची आत्या असेल, माझी आई असेल.

वर्गणीचं बोललात ते लागलं. सभामंडप मुंबईच्या पैशानं झाला, खरं आहे. पण तुमच्या बंद घरावरची कौलं माकडांनी फोडली की शाकारतो कोण? विहिरीतला गाळ कोण काढतो? घरातल्या देवाला दिवा कोण लावतो? हा हिशोब काढायला बसलो तर दोन्ही बाजूंनी निघेल. या दिवसांत तो काढू नये, एवढंच म्हणतो.

आणि आम्ही सुखात आहोत असं समजू नका. आंबा झाडावर तयार आहे. वाशीचं मार्केट चालू होतं, पुन्हा बंद होतं. बागेतले नेपाळी राखणदार तिथंच अडकलेत, त्यांचं रेशन आम्ही भरतो. मी गेल्या आठवड्यात ६० पेट्या भरल्या, मुंबईतल्या एका सोसायटीनं एकदम घ्यायचं कबूल केलं. पण टेम्पोवाला तयार होईना. त्याला मुंबईची भीती नाही. परत आल्यावर त्याचीच वाडी त्याला आत घेत नाही. आमच्याच काट्या आम्हाला टोचताहेत, ते दिसतंय आम्हाला.

पेठेतला | १३ एप्रिल

दोघांचंही पटतंय.

एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती आजच्या प्रश्नाच्या कामाची आहे. राज्यानं १३ मार्चला जो साथरोग कायदा लागू केला तो १८९७ चा. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला, पुढे पुण्यात आला, तेव्हा इंग्रज सरकारनं घाईघाईनं केलेला तो कायदा. त्याची पुण्यात अंमलबजावणी कशी झाली आणि लोक किती चिडले, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पण त्या काळात लोकांनी आपल्या आपण केलेलंही काही होतं. प्लेग आला की गावच्या गाव बाहेर पडायचं आणि माळावर, शेतात झोपड्या घालून राहायचं. आमच्या घरात पणजीच्या तोंडून हे आलेलं आहे. रोग वेगळा होता, उंदरांमुळे घरं सोडायची होती, हे मान्य. तरी त्यात एक व्यवस्था होती. जागा ठरलेली, पाणी ठरलेलं, धान्य कुणी पोचवायचं ते ठरलेलं. सावित्रीबाई फुल्यांनी हडपसरजवळ माळावर प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा केली. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून आणलं आणि त्याच आजारानं १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

माणूस अडवायचा असेल तर तो कुठं थांबेल, काय खाईल, कुठं आंघोळ करेल हेही अडवणाऱ्यानं सांगायला हवं. नुसती काटी टाकली की तो रात्री रानातून येतो, आणि मग कुणाला काही कळतच नाही. प्रत्येक गावात शाळा आहे आणि शाळा बंद आहेत. विचार करा.

चाळकरी | १३ एप्रिल

आंबा_कलम, वर्गणीचं वाक्य माझ्याकडून रागात गेलं होतं. फोटोतला भाऊ पाहून ते आलं. तुमचं म्हणणं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरोबर लिहिलंय, आत्याला फोन लाव.

तरी शाळेचा मुद्दा कुणी पुढे नेणार असेल तर आम्ही आमच्या मंडळात बोलायला तयार आहोत.

कृष्णाकाठ | १५ एप्रिल

इस्लामपूरहून लिहितोय. मार्चअखेर आमच्याकडे सौदीहून आलेल्या एका कुटुंबामुळे २० हून जास्त जण बाधित झाले आणि शहराचं नाव राज्यभर झालं. सगळा भाग बंद, घरोघर तपासणी. प्रशासनानं कडक काम केलं आणि साखळी तिथंच तुटली, याचा अभिमान आहे.

मात्र 'इस्लामपूर' म्हटलं की लोक कसे मागे सरकतात ते आम्ही बघतोय. माझा मामा शेजारच्या तालुक्यात दूध घालतो. त्याच्या किटलीवर गावाचं नाव होतं, ते त्याला खरवडावं लागलं. ज्या कुटुंबात आजार आला त्यांच्याबद्दल काय काय फिरलं ते इथं लिहिणार नाही. ती माणसं बरी होऊन घरी येताहेत आणि त्यांना इथंच राहायचं आहे. हे मुंबईकर, ते गावकरी असं लिहिताना प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं. आज जो काटी टाकतो त्याच्याच गावाचं नाव उद्या बातमीत येऊ शकतं.

गोंयकार | २० एप्रिल

काल गोव्यात शेवटचा रुग्ण बरा झाल्याचं जाहीर झालं. ७ पैकी ७ बरे. आनंद आहे, पण सुरुवातीचे दिवस विसरलो नाही. जनता कर्फ्यू इथं पुढं वाढवला तेव्हा किराणा दुकानंसुद्धा बंद होती. दूध, पाव, तांदूळ, कशाचाच पत्ता नाही. पात्रादेवीला सीमा बंद, आणि आमची भाजी येते बेळगावाहून. हद्द बंद करणं सोपं, पण घरातली चूल त्या हद्दीपलीकडच्या मालावर चालते, ते पहिल्या दोन दिवसांतच कळलं.

आमचा खरा प्रश्न पुढेच आहे. कितीतरी घरांतला माणूस जहाजावर आहे. क्रूझवरचे खलाशी समुद्रात अडकलेत, किनाऱ्याला लागू देत नाहीत. घरच्या बायका रोज मंत्र्यांकडे खेपा घालताहेत. आणि त्यांनाच शेजारी म्हणतो, आपल्या वाड्यावर नको ठेवू. आपलाच माणूस, बाहेर असताना पाठवलेल्या पैशावर आपलंच घर उभं, आणि परतताना त्याला जागा नाही. तुमच्या चाकरमान्यांचं वाचताना मला तेच दिसलं.

परिचारिका | २४ एप्रिल

मी मुंबईत पालिकेच्या एका रुग्णालयात आहे, कोरोना वॉर्डात. ड्यूटी संपल्यावर आम्हाला एका लॉजवर ठेवलंय. सगळं वाचलं.

पहिलं कामाचं सांगते. मला काही होत नाही म्हणून मी ठीक, असं नसतं. ताप, खोकला काहीही नसलेल्या माणसाकडूनही लागण होते आणि लक्षणं दिसायला १४ दिवसांपर्यंत लागू शकतात. म्हणून लपून जाणं सगळ्यात वाईट. ताडपत्री लावलेल्या टेम्पोत १५-२० जण तासन् तास एकमेकांना चिकटून बसले, की त्यातला एकच पुरे. चालत जाणाऱ्यांचे हाल वेगळे. कोकण रेल्वेच्या रुळांवरून माणसं निघालीत, पायांना फोड आलेत, हे सगळं आमच्यापर्यंत येतं. जायचंच असेल तर तपासून, नोंद करून जा, आणि गेल्यावर १४ दिवस वेगळे राहा. डाव्या हातावर शिक्का असेल तर त्याची लाज बाळगू नका. तो शिक्का पुढच्या माणसाला सावध करायला आहे.

दुसरं माझं. माझ्या इमारतीत मला सांगितलंय की लिफ्ट वापरू नका आणि शक्य असेल तर काही दिवस इकडे येऊच नका. मी गेले नाही. पण माझी मुलगी तिथं सासूबाईंजवळ आहे आणि तिच्याशी खालची पोरं बोलत नाहीत. २२ मार्चला संध्याकाळी ५ वाजता थाळ्या वाजल्या तेव्हा मी वॉर्डाच्या खिडकीत होते. खरं सांगते, मला रडू आलं होतं, बरं वाटलं होतं. ते लोक खोटं वागले असं मी आजही म्हणणार नाही. भीती नंतर आली.

परवा, २२ तारखेला, केंद्रानं अध्यादेश काढला. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला होऊन गंभीर इजा झाली तर ७ वर्षांपर्यंत शिक्षा. चांगलं झालं. पण लिफ्टसाठी अध्यादेश निघत नसतो. तिथं शेजाऱ्यालाच दार धरावं लागतं.

दूरदेशी | २५ एप्रिल

न्यू जर्सीत आहे, आईवडील चिपळूणला दोघंच. विमानं बंद. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या तर कुणाला सांगू, एवढाच प्रश्न होता. गावातल्या दोन पोरांनी पोलिसांकडून पास घेऊन बाजारपेठेतून गोळ्या आणून दिल्या. त्यातल्या एकालाही मी ओळखत नाही. इथं लिहून ठेवतो.

चाळकरी | ५ मे

गावाला जायच्या पासाचं ऑनलाइन सुरू झालंय. पोलिसांच्या साइटवर फॉर्म, सोबत डॉक्टरचा दाखला. आमच्या गल्लीतल्या दवाखान्याबाहेर दाखल्यासाठी रांग लागलीय, आणि ती बघून धडकी भरते. निरोगी असल्याचा कागद मिळवायला माणसं तासभर दाटीवाटीनं उभी. डॉक्टर खुर्चीतून विचारतात, ताप आहे का, नाही, घ्या सही. आमचा दाखला झालाय. पण मन तयार होत नाही.

जालनेकर | ८ मे

आज पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. आमच्या जालन्यातल्या स्टील कारखान्यातले होते. भुसावळला पोचलो की मध्य प्रदेशची गाडी मिळेल, या आशेनं चालत निघाले होते. रेल्वे बंद आहे, गाडी येणार नाही असं धरून रुळांवर टेकले.

या पोरांना मी रोज टपरीवर चहा घेताना बघत होतो. जालन्यातल्या सळईवर अर्ध्या महाराष्ट्रात स्लॅब पडले आहेत. त्यांचं गाव शेकडो किलोमीटरवर, त्यांच्या हातात ना स्मार्टफोन ना फॉर्म भरायची भाषा. इथं पासाबद्दल चाललेली चर्चा वाचतोय, तुमची अडचण खरी आहे. तरी ज्यांच्यासाठी एकही मंडळ बोलत नाही, त्यांची आठवण या धाग्यात असावी म्हणून लिहिलं. तुमच्या भागातून कुणी चालत जाताना दिसलं तर पाणी द्या, आणि तहसीलदारांना फोन करून श्रमिक गाडीच्या यादीत नाव घालायला लावा. आम्ही इथं तेवढं करतोय.

आंबा_कलम | १४ मे

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण काम चालू होतं. पेठेतला यांनी शाळेचं लिहिलं ते मी सरपंचांना वाचून दाखवलं होतं. पहिल्या बैठकीत लोक अंगावर आले. पोरांच्या शाळेत रोगी ठेवणार का, म्हणाले. दुसऱ्या बैठकीत आमच्या वाडीतली एक आजी उभी राहिली. तिचे दोन्ही मुलगे नालासोपाऱ्यात. ती म्हणाली, "माझे झील रानातून रात्री येणार असतील तर दिवसा रस्त्यानं येऊदेत." त्यानंतर बोलणं बदललं.

आता ग्राम कृती दल झालंय. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, आशाताई आणि वाडीतली चार पोरं. ठरलंय ते असं. शाळेच्या दोन खोल्या, एकीत बायका-मुलं, दुसरीत पुरुष. मागे दोन तात्पुरते संडास बांधले, खड्डा आम्हीच मारला. पाण्याची टाकी वेगळी, पाणवठ्यावर त्यांनी यायचं नाही. ज्यांचं घर रिकामं आहे आणि वस्तीपासून सुटं आहे त्यांना घरातच १४ दिवस, पण गडग्याबाहेर, म्हणजे दगडी कुंपणाबाहेर, पाय टाकायचा नाही. जेवण ज्याच्या त्याच्या भावकीनं द्यायचं, ज्याची भावकी नाही त्याचं देवस्थानातून.

सगळं सुरळीत नाही. जिल्ह्याच्या हद्दीवर कशेडी घाटात गाड्यांच्या रांगा लागल्यात, तपासणीला तासन् तास थांबावं लागतंय. तिथून सुटलेली माणसं इथं पोचतात तेव्हा चिडलेली असतात, उपाशी असतात, आणि स्वागताला आम्ही तोंडाला फडकं बांधून, लांब उभे. काल एका बाईनं शाळेची खोली बघितली आणि पायरीवर बसून रडली. स्वतःचं घर समोर दिसतंय, २०० पावलांवर. आशाताई तिच्याशी लांबूनच अर्धा तास बोलत बसल्या.

आशा_सेविका | १५ मे

वर आशाताई म्हणून ज्यांचा उल्लेख आहे ती मी नव्हे, शेजारच्या तालुक्यातली आहे. पण काम तेच. रोज सकाळी प्रत्येक बाहेरून आलेल्याचा ताप बघायचा, खोकला विचारायचा, वहीत लिहायचं, संध्याकाळी आरोग्य केंद्राला कळवायचं. केंद्र सरकारकडून महिन्याला १००० रुपये जादा कबूल झालेत. मास्क मी साडीच्या काठाचा शिवलाय, तीन घड्यांचा.

लोक खोटं बोलतात तेव्हा फार त्रास होतो. "आम्ही पुण्याहून आलो" म्हणतात, आणि आलेले असतात धारावीतून. मी पोलीस नाही. मला खरं सांगितलंत तर मी तुमच्या बाजूनं उभी राहीन, गावापुढे बोलेन. लपवलंत तर माझ्या घरातही लहान मूल आहे.

चाळकरी | २३ मे

आलो. शाळेत आहोत. आईवडील, वहिनी आणि मुलं. भाऊ मुंबईतच राहिला, त्याची ड्यूटी अत्यावश्यक सेवेत आहे.

काट्या होत्या तिथं आता टेबल आहे. नाव, वय, कुठून आलो, आजार कुठले, सगळं लिहून घेतलं. लिहिणारा चुलतभाऊच होता. तो काही बोलला नाही, मीही नाही. दुपारी भाताची पेज आणि सुकटीची चटणी आली. त्यानं टोप गडग्यावर ठेवला, दहा पावलं मागे गेला आणि तिथून ओरडून आईला विचारलं, काकी, मीठ बरोबर आहे ना. मग दोघं गडग्याच्या दोन बाजूंना बसून बराच वेळ बोलत होती. बहुतेक सगळं आंब्याविषयी आणि कुणाच्या गुरांविषयी.

अडचणी लिहितो, पुढे येणाऱ्यांच्या उपयोगी पडतील. रात्री संडासाकडे जायला उजेड नाही, बॅटरी आणा. विंचू निघतात, अंथरूण झाडून घ्या. बायकांना आंघोळीला आडोसा नव्हता, आज आम्ही दोघा-तिघांनी झावळांचा केला. मच्छर प्रचंड. आणि आलेल्यांपैकी दोन पोरं परवा रात्री नदीवर गेली होती. त्यावरून गावात सभा झाली आणि ते रास्त होतं. आम्हीच त्यांना समजावलं. हजारदा सांगतो, इथं आत आल्यावर तुम्ही नियम मोडलात तर तुमच्या मागून येणाऱ्या कुटुंबाला दार बंद होतं.

वडिलांना उद्या आरोग्य केंद्रात न्यायचंय, मधुमेहाच्या गोळ्यांसाठी. परवानगी मिळाली आहे.

परिचारिका | २४ मे

वडिलांच्या पायांना जखम, भेग काही असेल तर आत्ताच दाखवा. आणि शाळेत सगळ्यांनी एका हंड्यात पेला बुडवू नका, ओगराळं ठेवा. काळजी घ्या. मी अजून लॉजवरच आहे, पण मुलीला काल लांबून पाहिलं.

आंबा_कलम | २९ मे

मृग आठवड्यावर आलाय. शाळेच्या पुरुषांच्या खोलीवरची कौलं फुटलीत आणि मागचे संडास पावसात टिकणार नाहीत. अजून ११ कुटुंबांची नावं आमच्याकडे आली आहेत. मुंबई मंडळांना विनंती, निघायच्या दोन दिवस आधी नावं, वयं, औषधं कळवा, अचानक येऊ नका. गरोदर बाई किंवा डायलिसिसचा रुग्ण असेल तर आधी बोला, त्यांच्यासाठी रत्नागिरीजवळ थांबणं बरं पडेल.

टेम्पोवाल्याचं जमलंय. ग्रामपंचायतीनं त्याला सडकेवरच्या पडवीत वेगळी राहायची सोय करून दिली. सोमवारी पहाटे शेवटचा आंबा घेऊन तो निघेल, लालबाग, परळ, दादर करेल. परतीच्या फेरीत माणसं बसवणार नाही. १८ बाय २४ ची जाड ताडपत्री, दोन बॅटऱ्या, मच्छरदाण्या आणि ब्लीचिंग पावडर हवी आहे. कोण देऊ शकेल त्यांनी रविवारी संध्याकाळपर्यंत इथंच लिहा, म्हणजे त्याला पत्ते सांगता येतील.